‘शुगर माहेरून आली’ म्हणतात, मग थोरल्या भावाला का नाही?

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. माहेर वाळवा तालुक्यातलं, लग्नानंतर चिंचवडला. अकाउंट्सचं काम, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत खुर्चीवर. मागच्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.२ आली. चुकून आली असेल म्हणून आठ दिवसांनी बाहेर परत केली, तर उपाशीपोटी १३८. म्हणजे शुगर आहे.

मी जाड नाही. उंची ५ फूट १ इंच, वजन ५६ किलो. ऑफिसात कुणाला खरंच वाटेना. "तुला? तू तर काडी आहेस." हातपाय बारीकच आहेत, पोट मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटलं ते सुटलंच.

वडिलांना पंचेचाळिशीत निघाली, धाकट्या आत्यालाही आहे. त्यामुळे सासूबाईंचं एकच वाक्य, "हे तुमच्या माहेरचं." मला म्हणाल्या तर मी ऐकून घेते. परवा लेकीसमोर म्हणाल्या. ती नऊ वर्षांची. रात्री अंथरुणात विचारते, "आई, मी पण आबांच्या घरचीच ना? मग मला पण होणार?" (आबा म्हणजे माझे वडील.) मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, उत्तर काही सुचलं नाही.

आता माझा गोंधळ. थोरला भाऊ ४३ वर्षांचा, गावी ऊस आणि सहा म्हशी. वजन ७४ किलो, माझ्यापेक्षा कितीतरी भरलेला. त्याला काहीच नाही. आम्ही एकाच आईबापाची लेकरं, एका चुलीवरचं खाऊन वाढलो, घर माळकरी त्यामुळे मटण-मासे कुणीच खाल्ले नाहीत. घराण्यातून यायचं तर दोघांना यायला हवं होतं. नि खाण्यापिण्यामुळे म्हणावं तर ते तरी कुठे वेगळं होतं?

अजून एक. दुसऱ्या गरोदरपणात, मुलाच्या वेळी, सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी केली तेव्हा शुगर वाढलेली निघाली होती. पथ्यावर भागलं, इन्सुलिन लागलं नाही. बाळंतपणानंतर "आता नॉर्मल आहे" म्हणून घरी सोडलं. पुढे दरवर्षी बघायचं असतं, हे त्या दवाखान्यात कुणी बोललं नाही. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. कुणी सांगितलं असतं तर मी वेळेत सावध झाले असते, याचं फार वाईट वाटतं.

लाळेवरून जनुकांची चाचणी करून देतात अशा जाहिराती सारख्या दिसतात. लेकीची करून घेऊ का? नेमकं किती आपल्या हातात आणि किती नाही, हे कुणी नीट सांगेल का?

आबा_सांगोलेकर

ताई, काळजी करू नका. जनुकं वगैरे मला पटत नाही. माझे आजोबा गुळाच्या पोळीवर तुपाची धार धरून खायचे, ८९ वर्षं जगले, शुगर नावाचा शब्द त्यांना माहीत नव्हता. त्यांचं रक्त आमच्यात आहे, तरी आम्ही तिघा भावांपैकी दोघे गोळ्या घेतो. रक्त तेच, मग बदललं काय? राहणी. खुर्ची सोडा, चाला.

माणदेशी पशुवैद्य

ताई, मी जनावरांचा डॉक्टर. परळच्या कॉलेजातून शिकून पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, बहुतेक माण, खटाव आणि फलटणला. २०२२ ला निवृत्त झालो. म्हणून गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण एकाच बापाची लेकरं वेगवेगळी का निघतात, हा प्रश्न मला शेतकऱ्यांनी गोठ्यात उभं करून हजार वेळा विचारलाय, आणि मला स्वतःला ५५ व्या वर्षापासून शुगर आहे. तेव्हा जे कळतं ते सांगतो.

आधी एका जनुकाची गोष्ट. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला. फेकबी त्याचं नाव. दख्खनी मेंढी एरवी एका वेळी एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत जरी मिळाली, तरी तिला बऱ्याचदा जुळी होतात. माणसांत सिकलसेल हा रक्ताचा आजार असाच एका जनुकाने ठरतो. कुठून आला, कुणाकडून आला, बोट ठेवून सांगता येतं. सासूबाईंच्या डोक्यात शुगरचं चित्र हेच आहे. त्यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही, बहुतेकांच्या डोक्यात हेच असतं. (तसंही जुळी झाली म्हणून दोन्ही जगतात असं नाही. मेंढीला खुराक नसला तर एक कोकरू दुधावाचून जातं. मी हाताने पुरलीत.)

शुगर फेकबीसारखी नाही. ती गाईच्या दुधासारखी आहे.

एकाच वळूच्या रेतमात्रांपासून झालेल्या दोन कालवडी माझ्या नोंदवहीत होत्या. दोघींच्या आया साधारण सारख्या संकरित. पहिली फलटणला कालव्याच्या बागायतीत वाढली, मका, लसूणघास, पुढे मुरघास. पहिल्या वेतात रोज १८ लिटर. दुसरीचं वासरूपण २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडकडच्या चारा छावणीत गेलं, उसाचे वाढे चघळत. ती ७ लिटरच्या वर गेली नाही. मालक मला म्हणायचा, "डॉक्टर, रेताची कांडी खोटी भरली तुम्ही." पुढे त्याने ती गाय फलटणच्या त्याच शेतकऱ्याला विकली. त्याच गव्हाणीला, त्याच चाऱ्यावर ती उभी राहिली. दूध वाढलं, ११-१२ लिटरपर्यंत आलं. १८ पर्यंत कधीच गेलं नाही. वाढीच्या वयात जे अंगात भरायला हवं होतं ते राहून गेलं होतं, नंतरच्या चाऱ्याने ते सगळं भरून निघत नाही.

आता हीच १८ लिटरवाली एप्रिलात म्हसवडच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बांधा. धापा टाकते, खाणं सोडते, माजावर येत नाही. शेजारी देशी खिलार कडब्यावर शांत उभी असते. फलटणला विचारलं तर चांगली जनुकं संकरित गाईची, म्हसवडला विचारलं तर खिलारची. कुठे राहायचंय हे ठरल्याशिवाय कुठलं जनुक चांगलं नि कुठलं वाईट, हे सांगताच येत नाही. आबासाहेब, तुमच्या आजोबांचं उत्तर यात आहे. त्यांच्यात शुगरची जनुकं नव्हती असं नाही. दिवसभर औताच्या मागे चालणाऱ्या माणसात ती उघडी पडायला जागाच मिळाली नाही. रक्त तेच, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. तेच रक्त नव्या गोठ्यात बांधलं गेलं. आणि तिसऱ्या भावाला अजून नाही, त्यात नशिबाबरोबर जनुकांच्या वाटपाचाही भाग आहे.

"किती आपल्या हातात" याबद्दल. आमच्या पुस्तकात दुधाची हेरिटॅबिलिटी ०.३ च्या आसपास लिहिलेली असते. याचा अर्थ ७ लिटरवालीच्या दुधातलं तीस टक्के बापाचं आणि सत्तर टक्के चाऱ्याचं, असा मुळीच नाही. एका गाईच्या बादलीत अशी रेघ मारता येत नाही. तो आकडा कळपातल्या फरकाचा असतो: गाई-गाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांच्या फरकामुळे. सगळ्या गाईंना सारखाच चारा घातला तर तोच आकडा वाढतो, कारण चाऱ्याचा फरक संपला. जनुकं होती तीच असतात. म्हणून "तुमची शुगर साठ टक्के आनुवंशिक" असं कुणी सांगितलं तर समजा, त्याला आकडा माहीत आहे, अर्थ माहीत नाही.

माणसात शुगरशी जोडलेल्या चारशेहून जास्त जागा जनुकांत सापडल्यात. त्यातली सगळ्यात ठळक टीसीएफ७एल२, ती २००६ मध्ये आइसलँडच्या अभ्यासात दिसली आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही पडताळली गेली. सगळ्यात ठळक म्हणजे किती, तर एका प्रतीमागे धोका साधारण १.४ पट. बाकीच्या त्याहून कितीतरी हलक्या. या चारशे जागांवरचे धोक्याचे बरेच वाण प्रत्येकाच्या अंगात असतात. तुमच्या माहेरी आहेत तसे सासरीही आहेत, सासूबाईंच्या अंगातही आहेत. तुमच्या लेकीला निम्मे तुमच्याकडून, निम्मे तिच्या वडिलांकडून आलेत.

आणि भावंडांना आईबापाकडून मिळणारा वाटा एकसारखा नसतो. पत्ते एकाच कॅटमधले, पण तुमच्या हातात पडले ते भावाच्या हातात पडले नाहीत. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या तपासल्या होत्या. जनुकं हुबेहूब, तरी शुगर असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्याच जुळ्या भावंडाला ती होती, ३४ टक्के. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत १६ टक्के. दुप्पट फरक, म्हणजे जनुकांचं वजन आहेच. पण हुबेहूब जनुकं असूनही बहुतेक जोड्यांत एकालाच, हेही त्याच आकड्यांत आहे.

दोन गोष्टी विचारतो. बेंबीच्या पातळीला टेप लावून कमरेचं माप सांगा. आणि भावाची रक्ततपासणी शेवटची कधी झाली?

कृष्णाकाठची

काका, दोनदा वाचलं. कालवडीचं वाचून भावाला फोन केला, त्यालाही ती गोष्ट सांगितली.

कमर ३३ इंच भरली. आणि भावाची तपासणी... तो म्हणाला, "कधीच केली नाही, मला काय झालंय?" म्हणजे मी इतकी वर्षं "त्याला काही नाही" म्हणतेय, ते कशाच्या जोरावर? मला हे आधी सुचलंच नाही.

माझा जीव अडकलाय तो मुलात. त्याच्या वेळी मला शुगर होती, लेकीच्या वेळी नव्हती. त्याचा त्याच्यावर परिणाम होतो का? जे असेल ते स्पष्ट सांगा.

माणदेशी पशुवैद्य

३३ इंच म्हणजे ८४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बाईसाठी ८० ही रेषा धरतात, पुरुषाला ९०. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला, २३.३. युरोपच्या कोष्टकात हा नॉर्मल. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात. काटा तुम्हाला काडी म्हणतो, टेप म्हणत नाही.

हे असं का, याचं उत्तर शोधणारं जगातलं एक मोठं काम तुमच्या घरापासून फार लांब झालेलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या नोंदी सुरू केल्या, त्या गरोदर राहण्याच्याही आधीपासून. सातशेहून जास्त बाळं जन्मली. आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळीकडून लहान असतील असं वाटेल. तशी नव्हती. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून चरबी मोजली तर ती त्या मानाने इंग्रज बाळांपेक्षा फारशी कमी नव्हती. जन्मतःच वरून रोड आणि आतून चरबीदार.

मोठेपणीचं चित्र तेच. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट मासिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. मी तो फोटो छापून खोलीत लावलाय. ऑफिसात परत कुणी काडी म्हणालं तर त्यांना दाखवा.

त्या सहा गावांत अजून काही दिसलं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं भरलेली. ज्या गरोदरपणात शेताचं नि पाण्याचं अवजड काम करत होत्या त्यांची लहान. निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा, ज्यांच्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्व) जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिन सर्वांत कमी प्रभावीपणे काम करत होतं. मटण-मासे न खाणाऱ्यांत बी-१२ कमी असायची शक्यता जास्त, आणि तुमचं घर माळकरी, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता माझ्या घरचं. धाकटा भाऊ एप्रिल १९७३ चा. तेव्हा आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात सरकारी मिलो आणि सुकडी. आई सांगायची, भाऊ जन्मला तेव्हा त्याच्या पायावर कातडीच्या घड्या होत्या. मी १९६४ चा, तेव्हा घरात ज्वारी होती. आम्ही दोघे एका ताटात जेवलो, दोघेही नोकरीला लागलो, दोघांचं पोट सुटलं. मला शुगर ५५ ला निघाली, त्याला ३८ ला. हे दुष्काळामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून तसं म्हणताच येत नाही. पण हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जी उपासमार झाली, त्या वेळी पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली गेली, आणि त्यांचं शरीर साखर सांभाळण्यात इतरांपेक्षा कमी पडत होतं. ते वाचलं त्या रात्री मला आईचे खडी फोडून सोललेले हात आठवत राहिले.

"एकाच आईबापाची लेकरं, एका चुलीवरची" असं तुम्ही लिहिलंत. चूल एक होती. पण तुमच्या आईचं पोट सात वर्षांच्या अंतराने तेच राहिलं का? भावाच्या वेळी ती काय खात होती, किती काम करत होती, तुमच्या वेळी काय? तीही एक परिस्थितीच आहे, आणि ती भावंडागणिक बदलते.

आता तुमच्या मुलाचं. स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. अमेरिकेत ॲरिझोनातले पिमा आदिवासी, त्यांच्यात शुगर फार. तिथे एकाच आईची मुलं तपासली, काही तिला शुगर निघण्याआधी जन्मलेली, काही नंतर. नंतरच्या मुलांत शुगरची शक्यता साडेतीन पटींहून जास्त होती. वडिलांना शुगर निघण्याआधीची नि नंतरची मुलं बघितली तर असा फरक नव्हता. म्हणजे तो पोटातल्या नऊ महिन्यांचा परिणाम. पण हा आकडा उचलून मुलाच्या कपाळी लावू नका. त्या आयांना शुगर लागलेलीच होती. तुमची सातव्या महिन्यात सापडली आणि पथ्यावर आटोक्यात राहिली. धोका थोडा जास्त, इतकंच म्हणता येतं. तुमच्या हातून काही चुकलं असा याचा अर्थ कुणी काढला तर तो मला मान्य नाही.

याच पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात, मायकोबा भागात राहतात. शेती हाताने, चालणं भरपूर. २००६ चा अभ्यास आहे: ॲरिझोनात ३८ टक्के, मायकोबात ७ च्या आत. ॲरिझोनातल्यांच्या नदीचं पाणी वरच्या अंगाला आलेल्या वसाहतींनी वळवलं, शेती बसली, मग सरकारी पीठ, साखर आणि डब्यातलं खाणं आलं. पाणी गेल्यावर गावाचं काय होतं हे मला माणमध्ये कुणी समजावून सांगायला नको.

लेकीची लाळेची चाचणी करू नका, असं माझं मत. त्या चाचण्यांचे हिशोब बहुतांशी युरोपातल्या लोकांच्या माहितीवर बसवलेत, आपल्यावर ते तितके लागू पडत नाहीत. आणि समजा, धोका जास्त असा निकाल आला, तर करायचं काय? जे करायचं ते निकालाशिवायही तेच आहे. अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा प्रयोग झाला. आहार नि व्यायामाच्या गटात शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे त्याच लोकांची टीसीएफ७एल२ तपासली. ज्यांच्याकडे धोक्याच्या दोन्ही प्रती होत्या त्यांना, काहीच न करणाऱ्या गटात, शुगर होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. व्यायामाच्या गटात मात्र त्यांचा तो तोटा जवळपास दिसेनासा झाला. चेन्नईतही असा प्रयोग झालाय, आपल्यासारख्याच फार जाड नसलेल्या लोकांवर. तिथे घट २८.५ टक्के. अमेरिकेपेक्षा कमी, हे खरं. पण त्या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं तरी फायदा झाला.

सिस्टर ताई

उशिरा वाचलं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका, आता निवृत्तीला आले.

ताई, गरोदरपणात शुगर निघाली तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत ग्लुकोजची तपासणी करायची असते आणि पुढे दरवर्षी एकदा. हे सांगणं आमचं काम. तुम्हाला सांगितलं गेलं नाही, ही आमच्या बाजूची चूक आहे, तुमची नाही. बाळाचं लसीकरण कार्ड आम्ही डोळ्यांत तेल घालून भरतो आणि आईचा कागद कपाटात जातो, हे मी कित्येकदा पाहिलंय. आता मी स्वतः काय करते, तर बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई येतेच, त्याच दिवशी तिला उपाशीपोटी बोलावते.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू असेल तर त्याने बी-१२ अजून उतरतं, आणि तुम्ही माळकरी. डॉक्टरांना सांगून बी-१२ तपासून घ्या, मनाने इंजेक्शन घेऊ नका. दुसरं, मुलांना वेगळं ‘पथ्याचं’ ताट वाढू नका. सगळ्यांचं ताट एकच करा, भात एक वाटी, उसळ आणि पालेभाजी दुप्पट, दूध-दही रोज. लेकीच्या मनात "मी आजारी घरातली" हे बसलं तर ते काढायला फार वर्षं लागतात.

आबा_सांगोलेकर

डॉक्टरसाहेब, "नव्या गोठ्यात बांधलं गेलं" हे पटलं. आजोबा वाडीवरून सांगोल्याच्या बाजाराला चालत जायचे नि चालत यायचे, आम्ही किराणा आणायलाही गाडी काढतो. तिसऱ्या भावाला उद्या तपासायला पाठवतो.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय. बी-१२ खरंच कमी निघालं, औषध सुरू झालं. जेवण झालं की आम्ही चौघं सोसायटीला तीन फेऱ्या मारतो. मुलगा तिसऱ्या फेरीला कडेवर मागतो, मग त्याचे वडील घेतात.

भाऊ इस्लामपूरला जाऊन तपासून आला. एचबीएवनसी ६.०. डॉक्टर म्हणाले, शुगर नाही, पण उंबरठ्यावर आहे. मी त्याला खोदून खोदून विचारलं. दोन वर्षांपूर्वी धारा काढायचं मशीन घेतलंय, वैरणीला कुट्टी यंत्र आहे, मळ्यात मोटारसायकल जाते. आई म्हणाली, त्याच्या वेळी आजी होती, घरात दुभती म्हैस होती. माझ्या वेळी आजी गेलेली, म्हैस विकलेली, आठव्या महिन्यापर्यंत आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर बोलताना ती मध्येच थांबली, म्हणाली, "मला कुठे माहीत होतं गं." मी तिला सिस्टर ताईंचंच वाक्य ऐकवलं, तुझी चूक नाही म्हणून.

लेकीला सांगितलं, तुझ्यात थोडे पत्ते आबांच्या घरचे आहेत, थोडे इकडच्या आजीच्या घरचे, आणि कुठले कुठले ते आपल्याला दिसत नाहीत. तिने लगेच जाऊन आजीला विचारलं, "आजी, तुझी शुगर तपासलीय का?" सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. काल सकाळी चहा न घेता तयार होऊन बसल्या, म्हणाल्या, "चल, त्या लॅबवाल्याकडे." माझ्या शेजारी बसून रक्त दिलं. रिपोर्ट आज संध्याकाळी मिळणार आहे.